एन-९५ मधला ‘एन’

परवा अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो होतो. लेथवरच्या पोराने एन-९५ लावलेला, पण खालचा पट्टा हनुवटीखाली लोंबत होता. “मानेला काचतो, काका.” शेजारी थिनरचा डबा उघडाच. “वास तर येतोच. मास्क डुप्लिकेट दिसतोय,” तो म्हणाला.

मास्क अस्सल होता. वास अडवणं हे त्याचं कामच नाही.

हा मास्क म्हणजे निव्वळ चहाची गाळणी नव्हे. त्यातल्या पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक तंतूंवर कारखान्यातच स्थिर विद्युतभार चढवलेला असतो, तो कण ओढून घेतो. शिवाय जाडे कण वळण घेता न आल्याने तंतूंवर आदळतात, आणि अगदी चिमुकले कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भेलकांडत येऊन चिकटतात. सगळ्यात चिवट ते मधले, साधारण ०.३ मायक्रॉनचे. असे कण निदान ९५ टक्के तरी अडवायचे, हा नावातल्या ९५ चा अर्थ. मास्क साबणाने धुतला किंवा स्पिरिटने पुसला की हा भार उतरतो; दिसायला मात्र मास्क नवाकोरा!

तेलाचंही तसंच. ‘एन’ म्हणजे तेलापुढे न टिकणारा. लेथवर कटिंग ऑइलचं धुकं उठतं, तंतूंवर तेल बसतं आणि भार झाकला जातो. तिथे तेलापुढे टिकणारा ‘पी’ वर्गाचा किंवा युरोपीय मानकाचा एफएफपी-२ मास्क हवा. एफएफपीची चाचणी पॅराफिन तेलाच्या धुक्यावरही होते. फाउंड्रीतल्या वाळूच्या धुळीत सिलिका असते. तिथे मी ९९ टक्क्यांचा एफएफपी-३ घेईन, कारण सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, झाला की फुप्फुस पूर्ववत होत नाही.

थिनरची वाफ म्हणजे सुटे रेणू. त्यांना सक्रिय कार्बनचं कार्ट्रिज असलेला रबरी मास्कच लागतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतही हाच घोळ होतो: गंधकाची भुकटी धुरळताना साधा डस्ट मास्क चालून जातो, म्हणून तोच औषध फवारतानाही लावतात.

पोराला खालचा पट्टा कानांखालून मानेवर घ्यायला लावला, नाकावरची पट्टी दाबून घेतली. दोन्ही हात मास्कवर ठेवून त्याने जोरात श्वास सोडला. गालाकडून हवा सुटली. तीन दिवसांची दाढी! “उद्या करून येतो,” म्हणाला. “पण वासाचं काय?”

मी डब्याचं झाकण शोधत होतो. ते त्याच्याच स्टुलाखाली होतं.