संयुक्त राष्ट्रांचे हिशेब कोण तपासतो? : एक पार्श्वभूमी

संयुक्त राष्ट्रांना वर्गणी देणारे देश १९३ आहेत आणि तो पैसा त्या त्या देशातील करदात्यांचा असतो. तरीही यांपैकी एखाद्या सरकारने स्वतःचे लेखापरीक्षक न्यूयॉर्कला पाठवून तिथले दप्तर मागवले, तर ते नियमात बसत नाही. बाह्य तपासणी एकाच यंत्रणेने करायची आणि तिचा अहवाल सर्व सदस्यांसमोर ठेवायचा, हे तत्त्व संघटनेने आरंभापासून धरून ठेवले आहे. त्याशिवाय गत्यंतरही नव्हते, कारण प्रत्येक सरकारचे पथक वेगळे आले असते तर सचिवालयाचा सगळा वेळ शंकांची उत्तरे देण्यातच गेला असता.

ही यंत्रणा म्हणजे लेखापरीक्षक मंडळ. आमसभेने ७ डिसेंबर १९४६ रोजी ठराव क्रमांक ७४ संमत करून ते स्थापन केले. मंडळाचे सदस्य तीन असतात आणि प्रत्येक जण आपल्या देशाचा महालेखापरीक्षक किंवा तत्सम पदाधिकारी असतो. पहिल्या तिघांत कॅनडा, स्वीडन आणि युक्रेन हे देश होते. केवळ आकडे जुळतात की नाही एवढे पाहून न थांबता हिशेबपद्धती, अंतर्गत नियंत्रणे आणि एकूण प्रशासन यांवरही शेरे मारण्याची मुभा मंडळाला आहे. सदस्याची मुदत आधी तीन वर्षांची होती आणि फेरनियुक्ती चालत असे. २००२ पासून ती सहा वर्षांची झाली आणि लागोपाठ दुसऱ्यांदा मिळेनाशी झाली. लगेच पुन्हा निवडून यायचे नसल्यावर कोणाची मर्जी राखण्याचे कारणही उरत नाही, म्हणून हा बदल दिसतो त्याहून मोठा मानायला हवा.

जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना यांसारख्या विशेष संस्था आपापले बाह्य लेखापरीक्षक स्वतः निवडतात. या सर्वांना एकत्र बसता यावे म्हणून १९५९ मध्ये बाह्य लेखापरीक्षकांचे संयुक्त पॅनेल तयार करण्यात आले. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे आपले कॅग, या वर्तुळात नवखे नाहीत: १९९३ ते १९९९ आणि २०१४ ते २०२० असे दोनदा ते मंडळाचे सदस्य होते, आणि आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना, अणुऊर्जा संस्था यांचे हिशेबही त्यांनी तपासले आहेत. या नेमणुका मतदानाने होतात आणि त्यासाठी परराष्ट्र खात्याला मतांची जुळवाजुळव करावी लागते. तेव्हा लेखापरीक्षक कितीही निःपक्ष असला तरी त्याची निवड राजकारणाच्या बाहेर होते असे म्हणता येणार नाही.

पुढचे थर संकटांनी चढवले. काँगो आणि सुएझ येथील शांतिसेनांचा खर्च द्यायला काही देशांनी नकार दिल्याने साठच्या दशकात संघटना दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. त्यावर नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून १९६६ मध्ये संयुक्त तपासणी पथक, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निरनिराळ्या संस्थांच्या कामाची पाहणी करणारे पथक, नेमण्याचा निर्णय झाला. नव्वदच्या दशकात दबाव वॉशिंग्टनमधून आला. संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासन विभागाचे प्रमुख रिचर्ड थॉर्नबर्ग यांनी १९९३ मध्ये पद सोडताना कायमस्वरूपी महानिरीक्षक नेमण्याची मागणी केली, अमेरिकी काँग्रेसने वर्गणीचा काही भाग रोखून धरण्याचा कायदा केला, आणि जुलै १९९४ मध्ये आमसभेने अंतर्गत देखरेख सेवा कार्यालय स्थापन केले.

या सगळ्या रचनेची खरी परीक्षा ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ या, निर्बंधांखालील इराकला तेल विकून अन्न-औषधे घेऊ देणाऱ्या कार्यक्रमाने घेतली. १९९६ च्या अखेरीपासून २००३ पर्यंत सुमारे ६४ अब्ज डॉलरचे तेल विकले गेले. तेलाची किंमत संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातील एस्क्रो खात्यात जमा व्हायची आणि त्यातून अन्न-औषधांच्या पुरवठादारांना पैसे मिळायचे. या खात्याचे लेखापरीक्षण नियमित होत असे. सद्दाम हुसेन यांच्या सरकारने मात्र वाट खात्याबाहेरून काढली. तेलाच्या प्रत्येक पिंपामागे काही सेंटचा अधिभार परस्पर वसूल होऊ लागला, आणि पुरवठादाराने कराराची किंमत साधारण दहा टक्क्यांनी फुगवून तो फरक ‘विक्रीपश्चात सेवा शुल्क’ या नावाने इराकला परत करायचा, अशी रीत पडली. फुगवलेली किंमत सुरक्षा परिषदेच्या समितीने मंजूर केलेल्या करारातच असल्यामुळे करार, बिल आणि रक्कम तिन्ही जुळत होते. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या पॉल व्होल्कर चौकशी समितीने २००५ मध्ये हिशेब मांडला तेव्हा २,२०० हून अधिक कंपन्यांकडून सुमारे १.८ अब्ज डॉलर अशा मार्गाने वळवले गेल्याचे दिसले. भारतात त्या अहवालात लाभार्थी म्हणून नाव आल्यामुळे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री नटवर सिंह यांना आरोप नाकारत असतानाही परराष्ट्र खाते सोडावे लागले.

हे प्रकरण गाजेपर्यंत अंतर्गत लेखापरीक्षकांचे अहवाल सदस्य देशांच्या हाती पडतच नसत. मागेल त्या देशाला ते द्यावेत असा ठराव आमसभेने डिसेंबर २००४ मध्ये केला, आणि पुढे स्वतंत्र लेखापरीक्षण सल्लागार समितीही आली. सार्वजनिक क्षेत्रासाठीच्या आंतरराष्ट्रीय लेखा मानकांचा स्वीकार २००६ मध्ये ठरला, पण सचिवालयाचे हिशेब त्यांनुसार प्रथम तयार झाले ते २०१४ या वर्षाचे. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचे प्रचंड दायित्व या मानकांमुळे ताळेबंदातच नोंदवणे भाग पडले.

अलीकडचे उदाहरण प्रकल्प सेवा कार्यालयाचे, म्हणजे यूएनऑप्सचे आहे. इतर संस्थांची कामे करून मिळणाऱ्या शुल्कावर चालणाऱ्या या कार्यालयाकडे मोठा राखीव निधी साठला होता. त्यातले सुमारे सहा कोटी डॉलर परवडणारी घरे आणि अक्षय ऊर्जा यांच्या नावाखाली एकाच उद्योगसमूहाशी संबंधित कंपन्यांत गुंतवले गेले. भारत, पाकिस्तान, घाना, केनिया येथे घरे बांधण्याच्या घोषणा झाल्या, ती उभी राहिली नाहीत. सुमारे २.२ कोटी डॉलर बुडीत जाण्याची शक्यता २०२१ च्या लेखापरीक्षण अहवालात दाखवलेली होती. कार्यकारी संचालक ग्रेटे फारेमो यांचा राजीनामा मात्र मे २०२२ मध्ये, वृत्तपत्रांनी हे प्रकरण उचलल्यावर आला. आक्षेप नोंदवणे आणि तो आमसभेच्या पाचव्या, म्हणजे प्रशासन व अर्थसंकल्प पाहणाऱ्या समितीपर्यंत पोहोचवणे इथे मंडळाचे काम संपते. रक्कम वसूल करण्याचा किंवा कोणाला पदावरून दूर करण्याचा अधिकार १९४६ च्या ठरावाने त्याला दिलेला नाही, आणि सदस्य देशांनी तो नंतरही कधी दिला नाही.