दुधाशिवाय फळांचं आइस्क्रीम, घरच्या मिक्सरवर

गोठवलेली फळं विकणं हा आमचा छोटासा व्यवसाय. त्यामुळे पाकीट हातात घेऊन बरेच जण विचारतात, "याचं आइस्क्रीम होईल का? आमच्याकडे दूध चालत नाही." होतं, आणि चांगलं होतं. फक्त नेहमीच्या कृतीतून दूध वगळून बाकी सगळं तसंच ठेवलं, तर डब्यात गोड बर्फाची लादी तयार होते आणि चमचा वाकतो. ती का होते हे एकदा ध्यानात आलं की कृती पाठ करावी लागत नाही. जे फळ हाताशी असेल त्याचं जमवता येतं. म्हणून या पत्रकात आधी थोडी कारणं, मग कृती. घाई असेल तर थेट केळ्याकडे वळा.

सगळा खेळ पाण्याचा

फळ म्हणजे बहुतांशी पाणी. केळ्यात ते साधारण ७५ टक्के असतं, आंब्यात ८३च्या आसपास, तर स्ट्रॉबेरी आणि कलिंगडात ९० टक्क्यांच्याही वर. हे पाणी फ्रीझरमध्ये सावकाश गोठलं की बर्फाचे कण मोठे होतात आणि जिभेला कचकच लागते. तेच कण मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षा लहान राहिले, तर जिभेला ते वेगळे जाणवतच नाहीत. आइस्क्रीम मऊ लागतं ते एवढ्याचसाठी.

दुधाच्या आइस्क्रीममध्ये स्निग्धांश आणि प्रथिनं हे काम वाटून घेतात. दूध काढलं की ती जागा आपल्याला भरावी लागते. त्यासाठी घरात तीन गोष्टी असतात: साखर, दुसरा एखादा स्निग्ध पदार्थ आणि मिक्सरचं पातं.

साखरेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त तक्रारी तिथूनच येतात. "साखर निम्मी केली आणि दगड झाला" हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. साखर विरघळलेलं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्याला आणखी थंडी लागते. घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंश सेल्सिअस तापमान असतं. तेवढ्या थंडीतही त्या गोड पाण्याचा काही भाग पातळच राहतो आणि त्यामुळे चमचा आत शिरतो. म्हणजे साखर चवीपुरती नसते, मऊपणाही तिच्यावरच अवलंबून असतो. फळाची स्वतःची साखर या कामात आणखी तरबेज. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वजनाला वजन धरलं तर साध्या साखरेच्या जवळजवळ दुप्पट परिणाम करतात. तेव्हा वरून साखर कमी घालायची असेल तर फळ पूर्ण पिकलेलं घ्या. कच्चट फळ आणि कमी साखर हे दोन्ही एकत्र आलं की काही खरं नाही.

आणखी एक: थंडीत जिभेला गोडी कमी कळते. गोठवण्याआधी चाखलेलं मिश्रण 'अंमळ जास्तच गोड' वाटलं, तर ते बरोबर आहे असं समजा.

केळं: सगळ्यात सोपं

पहिल्यांदा करणाऱ्याने केळ्यापासून सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. केळ्यात पाणी त्या मानाने कमी, पिकल्यावर स्टार्चची साखर झालेली आणि गर बांधून ठेवणारं पेक्टिन आयतंच. वेगळं काही घालायची गरजच नाही.

सालीवर तपकिरी ठिपके आलेली चार केळी घ्या. सोलून बोटाच्या पेराएवढ्या चकत्या करा आणि ताटलीत एकमेकींना चिकटणार नाहीत अशा पसरून फ्रीझरमध्ये ठेवा. सालासकट ठेवू नका. गोठलेलं साल काढताना बोटं आणि सुरी दोन्हींची परीक्षा होते. सहा तास किमान, रात्रभर ठेवल्या तर उत्तम. मग बाहेर काढून पाच मिनिटं ओट्यावर राहू द्या आणि मिक्सरच्या भांड्यात घाला.

आता पुढची तीनचार मिनिटं धीर धरायची. मिक्सर सलग चालवायचा नाही. बटण उलट्या बाजूला फिरवून, दोनदोन सेकंदांचे झटके द्यायचे. आधी कोरडा भुगा होतो. मग तो भुगा भांड्याच्या कडेला जाऊन बसतो, पातं मोकळंच फिरायला लागतं आणि आवाज बदलतो. इथे बहुतेक जण घाबरून पाणी ओततात. ओतू नका. मिक्सर बंद करा, कडा चमच्याने खरवडून खाली ढकला, पुन्हा झटके द्या. दोनतीनदा असं केलं की भुग्याचे गोळे होतात आणि मग अचानक, एकदोन फेऱ्यांतच, सगळं गुळगुळीत होऊन पात्याभोवती वळायला लागतं. तिथे थांबायचं. अगदीच अडलं तर एक चमचा नारळाचं दूध घाला. एक म्हणजे एकच, वाटी नव्हे.

मिक्सर मध्येच बंद पडला तर तो बिघडलाच असं नाही. मोटरवर ताण आला की तो आपोआप बंद होतो. बऱ्याच मिक्सरच्या तळाशी त्यासाठी एक बटण असतं. काही मिनिटं थंड होऊ द्या, मग बटण दाबा. आणि एका वेळी भांडं निम्म्याच्या वर भरू नका.

हे तयार आइस्क्रीम लगेच खाल्लं तर मऊ, सैलसर असतं. तासभर फ्रीझरमध्ये ठेवलं तर चमच्याने गोळा निघतो. केळ्याची चव आवडत नसेल तर दोन चमचे कोको पावडर घाला. किंवा निम्मी केळी आणि निम्मी दुसरी गोठवलेली फळं घ्या. तरीही केळं मागून डोकावतंच, हे आधीच सांगून ठेवतो.

आंबा, चिकू, सीताफळ: गरदार फळं

यांच्यात गर भरपूर, पण केळ्याइतका बांधून राहणारा नाही. म्हणून स्निग्धतेची जोड हवी. नारळाचं दाट दूध हा आमचा पहिला पर्याय. दाट म्हणजे खरंच दाट. पातळ दूध म्हणजे पुन्हा पाणीच. डब्यातलं वापरणार असाल तर त्यात साय वर आणि पाणी खाली असं वेगळं झालेलं असतं, तेव्हा डबा गरम पाण्यात ठेवून नीट हलवून घ्या. बदामाचं किंवा ओटचं तयार पेय यासाठी फारसं कामाचं नाही, त्यात स्निग्धांश अगदीच थोडा असतो. नारळाची चव नको असेल तर अर्धी वाटी काजू चारपाच तास भिजवून गंधासारखे बारीक वाटा.

अर्धा किलो गराला पाऊण ते एक वाटी दाट दूध, चार चमचे साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. सीताफळ गोड असतं, त्याला साखर निम्मी पुरते, पण बी एकही राहता कामा नये. पात्यात सापडलेल्या बीने सगळं कडवट होतं. लिंबू आणि मीठ ऐच्छिक समजू नका. त्यांच्यावाचून थंड फळ सपक लागतं.

हे मिश्रण डब्यात ओतून दर अर्ध्या तासाने काट्याने ढवळावं असं सगळीकडे सांगतात. तेही चालतं, पण दिवस त्यातच जातो. आम्ही सुचवतो ती रीत अशी: मिश्रण बर्फाच्या साच्यात ओता, रात्रभर पूर्ण गोठू द्या आणि दुसऱ्या दिवशी ते तुकडे केळ्यासारखेच मिक्सरमधून फिरवा. बर्फाचे कण पात्याने फुटतात, थोडी हवाही आत जाते, आणि ढवळण्याचा जाच वाचतो.

पाणीदार फळं

स्ट्रॉबेरी, जांभूळ, द्राक्षं यांचं आइस्क्रीम करायचं तर आधी पाणी आटवा. अर्धा किलो स्ट्रॉबेरी चिरून त्यावर अर्धी वाटी साखर घालून अर्धा तास ठेवा. सुटलेल्या रसासकट मंद आचेवर दहाबारा मिनिटं शिजवा. कालथा फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसला पाहिजे, मग गॅस बंद करा. पूर्ण गार झाल्यावरच वाटीभर दाट नारळाचं दूध मिसळा आणि वरच्यासारखं साच्यात गोठवा. शिजवल्याने ताजेपणा थोडा जातो हे खरं, पण रंग आणि चव दोन्ही गडद होतात.

कलिंगडाचं आइस्क्रीम करू नये, असं आम्ही ग्राहकांना सरळ सांगतो. आटवलं तर त्याची चव बदलते आणि न आटवता बर्फच होतो. त्याचा रस ताटात गोठवून काट्याने खरवडा आणि तो चुरा तसाच वाटीत घ्या; ते कलिंगडाला शोभतं.

अननस आणि किवी यांची मात्र इथे चैन आहे. त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) दुधातल्या प्रथिनांचं विघटन करतात, म्हणून कच्ची फळं दुधात घातली की थोड्या वेळाने कडवटपणा येतो. नारळाच्या दुधात दुधाची ती प्रथिनंच नाहीत, त्यामुळे ही फळं खुशाल कच्ची वापरा.

ठेवायचं कसं

डबा उथळ आणि झाकण घट्ट. पृष्ठभागावर बटर पेपर चिकटवून बसवला तर वर बर्फाची पूड साचत नाही. डबा फ्रीझरच्या आत, मागच्या बाजूला ठेवा. दाराजवळ प्रत्येक उघडझापीला तो थोडा वितळतो आणि पुन्हा गोठतो, अशाने बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होत जातात. आठवडाभरात संपवावं. वाढण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवा. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते थबकतात. म्हणून फळं धुवूनच चिरायची आणि पूर्ण वितळलेलं आइस्क्रीम परत गोठवायचं नाही.

दूध का चालत नाही, ते विचारून घ्या

पाहुण्यांसाठी करत असाल तर हे महत्त्वाचं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणं वेगळं आणि दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी वेगळी. पहिल्यात पोट बिघडतं. सहसा अगदी थोडा अंश गेल्याने फार बिघडत नाही. दुसऱ्यात तेवढा अंशही धोक्याचा ठरू शकतो. अशा व्यक्तीसाठी करताना मिक्सरचं भांडं, पात्याखालचा रबरी वायसर आणि लाकडी चमचा यांच्याकडे बारकाईने बघा, आधीच्या लस्सीचा मागमूस तिथेच राहतो. वरून चॉकलेट किंवा बिस्किटाचा चुरा घालायचा असेल तर वेष्टनावर दूध भुकटी, व्हे, केसीन (शेवटचे दोन्ही दुधातूनच येतात) हे शब्द शोधा. काजू घातले असतील तर तेही सांगा, कारण त्यांचीही ॲलर्जी असते. साखरेऐवजी मध घातला असेल तर एक वर्षाखालच्या बाळाला ते आइस्क्रीम देऊ नका.

आमच्या पाकिटाबद्दल

आत फक्त फळ आहे. साखर, रंग, दूध काही नाही. त्यामुळे वरच्या प्रमाणातली साखर तुम्हालाच घालावी लागेल. तुकडे सुटे आहेत तोवर फळ नीट आहे. सगळ्याचा एकच गठ्ठा झाला असेल तर वाटेत कुठेतरी ते वितळून पुन्हा गोठलंय, तसं पाकीट परत आणा, बदलून देऊ. आणि घरी नेता नेता तुमच्याच हातात वितळलं, तर परत गोठवू नका. त्याच दिवशी स्ट्रॉबेरीच्या रीतीने शिजवून आटवा, आइस्क्रीमला ते उत्तम चालतं.