युद्धकैद्यांचे मठ्ठपणाचे सोंग

शत्रूच्या ताब्यात सापडलेल्या सैनिकाने आपण मंदबुद्धी, निरक्षर किंवा अगदीच निरुपयोगी आहोत असा समज पहारेकऱ्यांच्या मनात जाणूनबुजून रुजवायचा आणि त्या समजाच्या आडून माहिती दडवायची, माहिती गोळा करायची, शत्रूच्या प्रचारात वापरले जाणे टाळायचे, या प्रतिकाराच्या प्रकाराला मठ्ठपणाचे सोंग म्हणतात. मराठीत अशा वागण्याला ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार आहे. हे पेडगाव श्रीगोंदे तालुक्यात भीमेच्या काठी असून मोगलांची मोठी छावणी असलेला बहादूरगड तो हाच. वाक्प्रचारातला ‘पांघरून’ हा शब्द नेमका आहे, कारण पांघरूण अंगावर असते तेव्हा त्याखालचा माणूस शाबूत आणि जागा असतो.

कैदेत घेतलेली सोंगे मुख्यतः तीन: आजाराचे, वेडाचे आणि मठ्ठपणाचे. आग्र्याच्या नजरकैदेत १६६६ मध्ये शिवाजी महाराजांनी आजारपणाचे निमित्त केले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. आजाराचे सोंग थोड्या दिवसांचे असते आणि त्याचा शेवट सुटकेत व्हावा लागतो, नाहीतर ते उघडे पडते. वेडाचे सोंग त्याहून कठीण, कारण ते वैद्याच्या परीक्षेला उतरावे लागते. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधील कूत-अल-अमारा येथे २९ एप्रिल १९१६ रोजी सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे शरणागती पत्करली आणि सुमारे तेरा हजार सैनिक कैद झाले. त्यांत मराठा पलटणींचे शिपाईही होते. याच वेढ्यात पकडले गेलेले वेल्श अधिकारी ई. एच. जोन्स आणि दुसरीकडे पकडले गेलेले विमानदलातील ऑस्ट्रेलियन अधिकारी सी. डब्ल्यू. हिल हे अनातोलियातील योझगाद येथील छावणीत एकत्र आले. प्लँचेटच्या खेळातून त्यांनी छावणीच्या कमांडंटला गुप्तधनाच्या नादी लावले आणि पुढे स्वतः वेडे झाल्याचा बनाव रचला. तो खरा वाटावा म्हणून वाटेत गळफास घेतल्याचा देखावाही केला आणि त्यात त्यांचे प्राण जाता जाता वाचले. कॉन्स्टँटिनोपलच्या रुग्णालयात डॉक्टरांच्या नजरेखाली त्यांनी हे वेड महिनोन्‌महिने निभावले, पण मायदेशी परतायला १९१८ साल संपत आले आणि तोवर युद्धच संपायला टेकले होते.

मठ्ठपणाचे सोंग या दोहोंपेक्षा साधे दिसते. त्याला डॉक्टर लागत नाही, उपास करावे लागत नाहीत, गळफासही लावावा लागत नाही. मात्र ते रोज, प्रत्येक प्रश्नाला, प्रत्येक हुकुमाला नव्याने घ्यावे लागते आणि त्यात एकही हुशार उत्तर चुकून निसटून चालत नाही. शिवाय ते पकडणाऱ्याच्या मदतीशिवाय उभेच राहत नाही: समोरच्या माणसाला ते आधीच खरे वाटायला हवे.

कायद्याच्या दृष्टीने या सोंगाला मज्जाव नाही. युद्धकैद्यांविषयीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या सतराव्या कलमानुसार कैद्याने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक आहे. उरलेल्या प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी शारीरिक वा मानसिक छळ किंवा कोणत्याही प्रकारची बळजबरी करण्यास हेच कलम मनाई करते. जी माहिती देण्यास कैदी बांधलेला नाही, ती आपल्याला ठाऊकच नाही किंवा समजतच नाही असे दाखवणे त्यामुळे नियमभंगात मोडत नाही. प्रत्यक्षात हा करार जिथे पाळलाच जात नाही, तिथे या सोंगाची गरज सर्वांत जास्त पडते. उत्तर व्हिएतनामने १९५७ मध्ये हा करार मान्य केला होता, पण पकडलेले अमेरिकी वैमानिक युद्धकैदी नसून गुन्हेगार आहेत अशी भूमिका घेऊन त्याचे संरक्षण त्यांना नाकारले. या प्रकारच्या सोंगाचे सर्वांत पूर्ण उदाहरण त्याच तुरुंगांतून पुढे आले.

डग्लस हेगडाल हे दक्षिण डकोटा राज्यातील क्लार्क या छोट्या गावचे. ६ एप्रिल १९६७ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, यूएसएस कॅनबेरा या क्रूझरवर शिकाऊ खलाशी असताना ते परवानगी नसतानाही डेकवर आले आणि पाच इंची तोफेच्या धमाक्याने टोंकिनच्या आखातात फेकले गेले. किनारा सुमारे तीन मैलांवर होता. काही तास पाण्यात काढल्यावर व्हिएतनामी कोळ्यांनी त्यांना वर काढले आणि माणुसकीने वागवले. त्यांच्याकडून ताबा घेणाऱ्या मिलिशियाच्या लोकांनी मात्र बंदुकीच्या दस्त्यांनी झोडपले. तेथून त्यांची रवानगी हनोईच्या होआ लो तुरुंगात झाली. कैद्यांनी या तुरुंगाला ‘हनोई हिल्टन’ असे नाव दिले होते.

चौकशी करणाऱ्यांना सुरुवातीला हेगडाल यांचे खरे बोलणेच खोटे वाटले. जहाजावरून पडलो, हे कोण मानणार? हा कमांडो किंवा हेर असला पाहिजे, असा त्यांचा कयास होता. काही दिवसांची मारहाण सोसताना हेगडाल यांनी ओळखले की आपण जितके क्षुल्लक दिसू तितके सुरक्षित राहू. आपल्याच देशाविरुद्ध निवेदन लिहून देशील का, असे विचारल्यावर त्यांनी ताबडतोब होकार दिला, आणि लगेच सांगितले की मला लिहिता-वाचता येत नाही. या होकारातच सगळी खुबी आहे. नकार देणाऱ्या कैद्याला मोडून काढायच्या रीती तुरुंगाला ठाऊक होत्या, पण आनंदाने तयार असलेल्या आणि तरीही जमत नसलेल्या माणसाचे काय करायचे, याचे उत्तर कुठल्याही नियमावलीत नव्हते. त्यांना अक्षरओळख करून देण्यासाठी शिकवणारा माणूस नेमला गेला, आणि शेवटी त्यानेही हात टेकले. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही. पहारेकऱ्यांत हेगडाल यांचे नाव ‘कमालीचा मठ्ठ’ असे पडले.

हे सोंग इतके सहज का पचले, याचा विचार करण्यासारखा आहे. हनोईतील बाकीचे अमेरिकी कैदी बहुतेक सारे वैमानिक अधिकारी, म्हणजे पदवीधर, प्रशिक्षित आणि वयाने मोठे होते. त्यांच्यापैकी कुणी निरक्षर असल्याचे सांगितले असते तर ते क्षणभरही टिकले नसते. हेगडाल मात्र सर्वांत खालच्या हुद्द्याचे, खेड्याकडचे, आणि पकडले जाण्याची त्यांची हकीकतच मुळात बावळटपणाची होती. भांडवलशाही देश आपल्या गरीब मुलांना शिकवत नाही आणि लढायला धाडतो, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना शिकवले गेले होते, आणि हा मुलगा त्या शिकवणुकीचा चालताबोलता पुरावा वाटत होता. त्यांनी पाहिले ते आपल्याला पाहायचे होते तेच.

प्लॅन्टेशन नावाच्या दुसऱ्या तुरुंगात हेगडाल काही काळ लेफ्टनंट कमांडर रिचर्ड स्ट्रॅटन यांच्या कोठडीत होते. स्ट्रॅटन यांनाही सोंगाची भाषा येत होती. मार्च १९६७ मध्ये त्यांना परदेशी पत्रकारांपुढे उभे केले, तेव्हा ते कळसूत्री बाहुलीसारखे निर्विकार चेहऱ्याने चहूदिशांना कमरेत वाकून नमस्कार करत राहिले. ती छायाचित्रे अमेरिकेत छापून येताच या माणसावर जबरदस्ती झाली आहे हे जगाला कळले. आपल्या बाजूला काय मोलाची गोष्ट आली आहे, हे अशा अनुभवी अधिकाऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही: ज्याच्यावर कुणाचे लक्ष नाही असा साक्षीदार.

हेगडाल यांना झाडू देऊन आवार झाडायला सोडले जाई. इतर कैदी दिवसाचे जवळजवळ सगळे तास बंद दाराआड काढत असताना हा तरुण अंगणात, भिंतींच्या कडेने, कोठड्यांच्या समोरून फिरत होता. कैद्यांची आपसांत बोलण्याची मुख्य सोय म्हणजे भिंतीवर टकटक करून पाठवायची सांकेतिक लिपी. इंग्रजी वर्णमालेतील पंचवीस अक्षरे पाच ओळी आणि पाच रकाने अशा चौकटीत मांडायची (‘के’ या अक्षराचे काम ‘सी’कडे), मग आधी ओळीचे आणि नंतर रकान्याचे ठोके द्यायचे. कैदी हे ठोके खोकल्यातून देत, तसेच झाडूच्या फटकाऱ्यांतूनही. चष्मा नवा हवा अशी कुरकुर करून हेगडाल यांनी स्वतःला हनोई शहरात नेण्याची व्यवस्था करून घेतली आणि तुरुंगापासूनचा रस्ता डोक्यात साठवला. आवारात उभ्या असलेल्या पाच ट्रकांच्या इंधनाच्या टाक्यांत त्यांनी माती टाकली. एकेक चिमूट माती टाकत, इकडेतिकडे वेंधळ्यासारखे बघत हिंडणाऱ्या पोरावर कुणाचा संशय गेला नाही. ट्रक बिघडणे ही तशी लहान गोष्ट, पण बंद कोठडीतल्या माणसांना या लहान गोष्टींनी किती बळ दिले असेल, हे समजायला कैदेत जाऊन यावे लागत नाही.

खरे काम स्मरणशक्तीचे होते. कोण जिवंत आहे, कोण पकडले गेले आहे, याची पूर्ण यादी उत्तर व्हिएतनामने दिलेली नव्हती, आणि अमेरिकेत शेकडो घरांना आपला मुलगा वा नवरा बेपत्ता आहे यापलीकडे काही कळत नव्हते. कागदावर काही लिहून ठेवणे अशक्य होते, कारण झडतीत एक चिठोरा सापडला तरी छळ ठरलेला. हवाई दलातील अधिकारी जो क्रेका यांनी हेगडाल यांना पाठांतराची पद्धत शिकवली आणि त्यांनी सुमारे २५६ कैद्यांची नावे, पकडले गेल्याच्या तारखा, पकडले जाण्याची रीत आणि खातरजमेसाठी काही खासगी तपशील मुखोद्गत केले. यासाठी त्यांनी ‘ओल्ड मॅकडॉनल्ड हॅड अ फार्म’ या शाळकरी बालगीताची चाल घेतली. ज्यांनी लहानपणी पावकी-निमकी एका सुरात घोकली आहे, त्यांना चाल पुढची ओळ कशी ओढून आणते हे सांगावे लागणार नाही. चालीत एक नाव गळले तर ताल अडखळतो आणि चूक आपोआप उघडी पडते. पाहणाऱ्याला मात्र एक मंदबुद्धी मुलगा शेतातल्या जनावरांचे गाणे गुणगुणताना दिसत होता. ते गुणगुणणेही सोंगाला शोभणारेच होते.

पुढचा भाग शिस्तीचा आहे. १९५५ मध्ये आयझेनहॉवर यांनी जारी केलेल्या अमेरिकी सैनिकांच्या आचारसंहितेप्रमाणे कैद्याने शत्रूकडून विशेष सवलत किंवा सशर्त सुटका स्वीकारायची नसते. मुदतीआधी सुटून जाणे हे मागे राहिलेल्या सोबत्यांचा विश्वासघात मानले जाई आणि हेगडाल यांचीही जाण्याची तयारी नव्हती. स्ट्रॅटन यांनी त्यांना वरिष्ठ म्हणून सुटका स्वीकारण्याचा हुकूम दिला, कारण तुरुंगाबाहेर न्यायची यादी त्यांच्या डोक्यात होती. ऑगस्ट १९६९ मध्ये रॉबर्ट फ्रिशमन आणि वेस्ली रम्बल या दोन अधिकाऱ्यांबरोबर त्यांची सुटका झाली. हा मठ्ठ मुलगा घरी गेल्याने आपल्या उदारतेचा प्रचार होईल आणि बिघडणार काहीच नाही, असा हिशेब सुटका करणाऱ्यांनी केला होता.

घरी पोचताच यादी बाहेर आली. सप्टेंबर १९६९ मध्ये फ्रिशमन आणि हेगडाल यांनी पत्रकारांपुढे तुरुंगातील छळाची हकीकत उघड सांगितली. त्याच वर्षाच्या शरद ऋतूपासून कैद्यांची वागणूक सुधारू लागली. या बदलामागे सप्टेंबरमध्ये झालेला हो ची मिन्ह यांचा मृत्यू होता की ही प्रसिद्धी, यावर मते वेगवेगळी आहेत, पण प्रसिद्धीचा वाटा नाकारणे कठीण आहे. १९७० मध्ये उद्योगपती रॉस पेरो यांच्या पुढाकाराने हेगडाल पॅरिसला गेले आणि वाटाघाटींसाठी तेथे असलेल्या उत्तर व्हिएतनामी प्रतिनिधींना त्यांनी आपण पाहिलेल्या तुरुंगांविषयी तोंडावर प्रश्न विचारले. निरक्षर म्हणून सोडून दिलेला माणूस इतका नेमका बोलतो, हे त्या खोलीत प्रथमच कळले असणार.

हे सोंग उघडे पडले तर काय होते, त्याचे उदाहरण त्याच काळातले आहे. उत्तर कोरियाने २३ जानेवारी १९६८ रोजी यूएसएस पुएब्लो हे जहाज पकडले. एक खलाशी मारला गेला आणि कमांडर लॉइड बुचर यांच्यासह ८२ जण कैद झाले. प्रचारासाठी काढलेल्या छायाचित्रांत त्यांनी मधले बोट वर करून दाखवले आणि विचारल्यावर हे हवाई बेटांवरचे शुभचिन्ह असल्याचे निरागसपणे सांगितले. महिनोन्‌महिने ते खपले. पुढे एका अमेरिकी साप्ताहिकाने त्या खुणेचा खरा अर्थ छापला आणि फसवले गेल्याच्या संतापात पहारेकऱ्यांनी डिसेंबरमध्ये खलाशांना अमानुष मारहाण केली. २३ डिसेंबर १९६८ रोजी त्यांची सुटका झाली. इथे अडाणीपणा फक्त एका खुणेपुरता होता आणि त्याची किल्ली बाहेरच्या जगात होती. हेगडाल यांच्या सोंगाची किल्ली त्यांच्या स्वतःजवळ आणि मोजक्या सोबत्यांजवळ होती, म्हणून ते दोन वर्षांहून अधिक काळ टिकले.

नौदल सोडल्यावर हेगडाल यांनी सॅन डिएगो येथील प्रशिक्षण शाळेत, शत्रूच्या हाती सापडल्यास तग कसा धरावा आणि प्रतिकार कसा करावा, हे शिकवले. कित्येक वर्षांनंतरही ती नावे ते त्याच चालीवर म्हणू शकत होते. त्यांना घरी जाण्याचा हुकूम देणारे रिचर्ड स्ट्रॅटन ४ मार्च १९७३ रोजी सुटले, म्हणजे तो हुकूम देऊन साडेतीन वर्षे उलटल्यावर.