महिनाभर रिकामी ठेवायची टाकी

खाऱ्या पाण्याची छोटी टाकी पहिल्यांदाच मांडायला निघालेल्या माणसाला जाणकार दुकानदार आज साधारण एकच यादी सांगतो. चाळीस-पन्नास लिटरची काचपेटी, पिशवीत मिळणारे समुद्री मीठ, आरओचे पाणी, काही किलो लाइव्ह रॉक म्हणजे जीवजंतूंनी भरलेला समुद्री खडक, पाणी खेळते ठेवणारा लहानसा पंप, दिवा, खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, आणि टाकी भरल्यावर महिनाभर तरी एकही मासा सोडायचा नाही, ही अट. वस्तूंचा खर्च माणूस सोसतो. खटकते ती ही अट, कारण रिकाम्या टाकीकडे महिनाभर पाहत बसणे कुणालाच आवडत नाही. पण या यादीतली बहुतेक कलमे कुणाच्या तरी फसलेल्या प्रयोगातून आलेली आहेत, आणि त्या अटीमागचे कारण तर या छंदाला शंभर वर्षे उलटून गेल्यावर उमगले.

समुद्रातले जीव काचेच्या पेटीत ठेवून अभ्यासण्याची सुरुवात सिसिली बेटावरच्या मेसिना येथे झान विलप्रो-पॉवर या फ्रेंच बाईंनी 1832 मध्ये केली. त्यांना आर्गोनॉट हा ऑक्टोपसचा भाऊबंद आपले कवच स्वतः तयार करतो की दुसऱ्याचे बळकावतो, याचा निकाल लावायचा होता, आणि तो तसे कवच स्वतःच घडवतो हे त्यांनी दाखवून दिले. मात्र त्या समुद्राकाठीच राहत होत्या. समुद्रापासून दूर, घरात खारे पाणी टिकवायचे कसे, हा प्रश्न पहिल्यांदा खऱ्या अर्थाने ॲना थिन यांच्यापुढे उभा राहिला. 1846 मध्ये इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावर त्यांना जिवंत प्रवाळ सापडले. ते लंडनला न्यायचे म्हणून त्यांनी सुईदोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजला टाके घालून बसवले, म्हणजे प्रवासात धक्के बसून एकमेकांवर आपटणार नाहीत. घरी आल्यावर काचेच्या वाडग्यांत ते ठेवले आणि पाणी ताजे राहावे म्हणून मोलकरणीकडून ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात रोज बराच वेळ ओतून घेतले. आज आपण ज्याला पंप म्हणतो ते काम त्या बाईचे हात करत होते, आणि तिचे नाव कुणी टिपून ठेवलेले दिसत नाही. पुढे थिन यांनी पाण्यात समुद्री शेवाळ सोडले आणि प्रवाळ टिकले. घरगुती खाऱ्या पाण्याची टाकी मुळात लहान होती, हे इथे लक्षात ठेवावे. ती मोठी झाली नंतर.

त्याच सुमारास लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन गोड्या पाण्यात सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगाई एकत्र ठेवून पाहत होते. वनस्पती प्राणवायू देते, मासे तो घेतात, गोगलगाय घाण उचलते आणि पाणी बदलावे लागत नाही, असा समतोल त्यांनी 1850 मध्ये मांडला. फिलिप हेन्री गॉस यांनी तो समुद्राच्या पाण्याला लावला. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी पहिले मत्स्यालय उघडले, तेव्हा त्यातले पुष्कळसे समुद्री जीव गॉस यांनीच गोळा केलेले होते, आणि पुढच्या वर्षी आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ॲक्वेरियम हा शब्द घराघरांत पोचला. साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड एवढ्या चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रपाणी करण्याची कृतीही त्यांनी 1854 मध्ये दिली. काचेवरचा कर 1845 मध्ये उठल्यामुळे काच स्वस्त झाली होती, रेल्वेने किनारा जवळ आणला होता. बैठकीच्या खोलीत समुद्रफुले (ॲनिमोन) ठेवण्याची लाटच आली. तिचा खर्च किनाऱ्यांनी सोसला. खडकांमधली डबकी छंदिष्टांनी ओरबाडून उजाड केल्याबद्दल गॉस यांच्या मुलाने पुढे फार खेदाने लिहिले आहे.

लाट ओसरली, कारण बहुतेकांच्या टाक्या मेल्या. माझ्या मते मूळ चूक वॉरिंग्टन यांच्या समतोलाच्या कल्पनेत नव्हती, तर तो समतोल केवळ प्राणवायूचा आहे असे मानण्यात होती. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असते, त्याचा पीएच 8.2 च्या आसपास असतो, आणि अशा पाण्यात अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त राहतो. गोड्या पाण्यातल्या वनस्पती थोडाफार अमोनिया शोषून घेतात म्हणून वॉरिंग्टन यांचे मासे तरले; खाऱ्या टाकीतले शेवाळ मात्र अनेकदा स्वतःच कुजून भर घालत असे. विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी 1871 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात दर्शनी टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा अंधारा हौद जमिनीखाली बांधला आणि त्यातले पाणी अखंड फिरते ठेवले. अंधारात शेवाळ वाढत नाही आणि पाणी मुरते, एवढेच त्या काळी सांगता येत होते. हौदाच्या भिंतींवर आणि नळांत जिवाणूंचे थर जमत होते आणि खरे काम तेच करत होते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येणे शक्य नव्हते.

अमोनियाचे नायट्रेट होणे ही सजीवांची करणी आहे हे श्लॉसिंग आणि म्युन्झ यांनी 1877 मध्ये सांडपाण्यावर प्रयोग करून दाखवले. सर्गेई विनोग्राड्स्की यांनी 1890 मध्ये ते जिवाणू वेगळे केले आणि हे काम दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या गटांकडून होते हे पुढे आणले : एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. शेतीशास्त्राने आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्यांनी हे ज्ञान ताबडतोब उचलले. छंदिष्टांपर्यंत ते पोचायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. हे जिवाणू सावकाश वाढतात. दुसऱ्या गटाला तर पहिल्याने नायट्राइट तयार केल्याशिवाय खायलाच काही नसते. म्हणून नव्या टाकीत आधी अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढते, आणि दोन्ही शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी सायकल होणे म्हणतात ते हेच, आणि दुकानदाराच्या त्या अटीमागे एवढाच अर्थ आहे.

मधल्या काळात अडचणी अगदी साध्या होत्या. टाकीची चौकट लोखंडाची, काचा पुट्टीने बसवलेल्या. खाऱ्या पाण्याने चौकट गंजे आणि धातू पाण्यात उतरे. 1960 च्या दशकात सिलिकोनने नुसत्या काचा चिकटवता येऊ लागल्या आणि हा प्रश्न मिटला. त्याच दशकात अमेरिकेत इन्स्टंट ओशन हे तयार समुद्री मीठ बाजारात आले, विमानांमुळे उष्ण कटिबंधातले मासे प्लास्टिकच्या पिशव्यांतून जगभर पोचू लागले, आणि वाळूखाली जाळी बसवून तिच्यातून पाणी ओढणारी गाळणी रूढ झाली. तरीही तेव्हाची टाकी म्हणजे ब्लीचमध्ये बुडवून पांढरे केलेले प्रवाळाचे सांगाडे आणि त्यांच्याभोवती फिरणारे चार डॅमसेल मासे. जिवंत प्रवाळ घरात जगत नाही, असा समज पक्का होता.

तो जाकार्तातल्या ली चिन एंग यांनी मोडला. जवळच्या समुद्रातून आणलेले, जीवजंतूंनी भरलेले खडक टाकीत रचायचे, हवेचा बारीक बुडबुडा सोडायचा आणि बाकी फारसे काही करायचे नाही, अशी त्यांची रीत 1961 मध्ये एका अमेरिकी मासिकातून प्रसिद्ध झाली. आपण ज्याला लाइव्ह रॉक म्हणतो त्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. सच्छिद्र खडकाच्या बाहेरच्या अंगाला अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात, तर आतल्या प्राणवायूविरहित भागात नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करणारे. एकाच दगडात दोन्ही कामे होतात. प्रवाळाच्या उष्ण समुद्रांपासून लांब असलेल्या जर्मनीने त्याला यंत्राची जोड दिली. पाण्यातला सेंद्रिय मळ कुजण्याआधीच फेसावाटे काढून टाकणारा स्किमर तिथे 1960 च्या दशकात घडला, आणि खडक, स्किमर, चुन्याची निवळी व प्रखर प्रकाश यांच्या जोरावरची बर्लिन पद्धत 1980 च्या दशकात स्थिरावली. चुन्याची निवळी म्हणजे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेलेच पाणी. प्रवाळाला सांगाडा बांधायला लागणारे कॅल्शियम त्यातून मिळते. 1986 पासून जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने घरातल्या छोट्या प्रवाळभिंतीची कल्पना अमेरिकेत लोकप्रिय केली.

तरी नवख्याला सल्ला मिळे तो मोठी टाकी घेण्याचाच, आणि त्यामागचा हिशोब आजही खोटा नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. चारशे लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी उडाले तर खारेपणा 35.1 च्या पुढे जात नाही. चाळीस लिटरच्या टाकीत तो 35.9 होतो, आणि दोन दिवस विसरलात तर 36.8. मीठ उडत नाही, फक्त पाणी उडते, म्हणून भर घालायची ती गोड्या आरओच्या पाण्याची. नवखा हमखास खारे पाणी ओततो आणि वाढलेला खारेपणा तसाच राहतो. काचेवर मार्करने एक रेघ ओढून रोज पाणी तिथवर आणून ठेवणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. कमी तापणारे एलईडी दिवे, बोटाएवढे पंप आणि पाण्याची पातळी आपोआप राखणारी यंत्रे आल्यावर, म्हणजे या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, थिन यांच्या वाडग्याएवढी टाकी पुन्हा शक्य झाली.

मुंबईकरांनी खाऱ्या पाण्याचे मासे काचेआड पाहिले ते मुख्यतः मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलेल्या त्या इमारतीसमोरच समुद्र होता. घरच्या टाकीसाठी मात्र किनाऱ्यावरून कॅन भरून आणण्याचा मोह टाळावा. शहराचे सांडपाणी तर त्यात असतेच, शिवाय पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी बरेच गोडसर होते. युरोपातल्या पुस्तकांत हीटरला जे स्थान आहे ते आपल्याकडे पंख्याला द्यावे लागते. एप्रिल-मेमध्ये खोलीचे तापमान 33 अंशांवर असताना टाकी 26 च्या आसपास राखायची, तर पृष्ठभागावर वारा सोडून दोन-तीन अंश उतरवता येतात, बाकीचे खोलीच्या एसीवर किंवा चिलरवर सोपवावे लागते. आणि पंख्याने बाष्पीभवन वाढते, म्हणजे ती मार्करची रेघ दिवसातून दोनदा पाहावी लागते.

कायद्याची पार्श्वभूमीही माहीत हवी. भारतात 2001 मध्ये प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरून, मग तो मालवणचा असो की लक्षद्वीपचा, प्रवाळ उचलून आणणे हा गुन्हा ठरतो, आणि दुकानातल्या लाइव्ह रॉकवर जिवंत प्रवाळ दिसला तर तो आला कुठून हे विचारणे भाग आहे. कोरडा सच्छिद्र खडक घेऊन त्यावर बाटलीतले जिवाणू वाढवणे, हा वेळखाऊ पण निर्धोक मार्ग आहे. माशांपैकी क्लाउनफिशची पैदास 1970 च्या दशकापासून बंदिस्त टाक्यांत होते आणि भारतातल्या संशोधन संस्थांनीही ती साधली आहे. टाकीत जन्मलेला क्लाउनफिश समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा काटक असतो, दाणेदार खाद्य घरी आणल्या दिवसापासून खातो आणि चाळीस-पन्नास लिटरमध्ये त्याची एक जोडी राहू शकते. पण अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग काही दिवस शून्य दिसल्यावरच ती सोडावी.