झेडएक्स स्पेक्ट्रम : कॉम्पोझिट व्हिडिओ फेरबदल

सिंक्लेअर रिसर्च या ब्रिटिश कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये सादर केलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या मंडलात लहानसा बदल करून, त्याचे चित्र रेडिओ कंप्रतेच्या वाहक तरंगावर न चढवता थेट टीव्हीच्या व्हिडिओ जोडणीला पुरवण्याची पद्धत. संग्राहकांमध्ये ती ‘कॉम्पोझिट मॉड’ या नावाने ओळखली जाते (कॉम्पोझिट म्हणजे उजळपणा आणि रंग एकाच तारेतून नेणारा व्हिडिओ संकेत, मॉड म्हणजे फेरबदल). ब्रिटनमधील सदृश (अ‍ॅनालॉग) प्रक्षेपण २०१२ मध्ये पूर्णपणे थांबले आणि नव्या टीव्हींमधून जुने ट्यूनर हळूहळू नाहीसे होत गेले, तसतशी ही हौसेची बाब गरजेची होऊन बसली.

स्पेक्ट्रममधील फेरांटी कंपनीच्या बनावटीची यूएलए ही चकती (चिप) दीप्ती म्हणजे उजळपणा (वाय) आणि रंगाची माहिती देणारे दोन वर्णभेद (यू व व्ही) असे तीन संकेत देते. त्यांतील वर्णभेदांपासून नॅशनल सेमिकंडक्टरची एलएम १८८९ ही चकती पाल या रंगीत टीव्ही पद्धतीचा वर्णसंकेत घडवते. तो दीप्तीत मिसळून ट्रान्झिस्टरच्या टप्प्यातून पुढे गेला, की संपूर्ण कॉम्पोझिट संकेत तयार होतो. याचा अर्थ असा, की हवा तो संकेत यंत्रात मुळातच उपलब्ध असतो. पत्र्याच्या डबीतील मॉड्युलेटर तो यूएचएफ या टीव्ही कंप्रतापट्ट्यातील ३६ व्या वाहिनीच्या वाहक तरंगावर चढवतो आणि टीव्हीला तो पुन्हा उतरवून घ्यावा लागतो. चित्रातील खरखर, पुसट कडा आणि तापमानाबरोबर सरकणारे ट्यूनिंग हे दोष मुख्यतः या दुहेरी प्रवासात शिरतात. एलएम १८८९ मध्ये स्वतःचे व्हीएचएफ मॉड्युलेटरही आहेत, पण स्पेक्ट्रमच्या रचनेत ते वापरलेले नाहीत.

ही पद्धत नेमकी केव्हा सुरू झाली, हे व्याख्येवर अवलंबून आहे. यंत्रामागील विस्तार-जोडणीवर व्हिडिओ, वाय, यू आणि व्ही हे चारही संकेत आरंभीच्या यंत्रांपासून नेमून दिलेले होते. त्यामुळे मॉनिटर जोडण्याची सोय मूळ आराखड्यातच होती, असे म्हणता येते. याउलट, मॉड्युलेटरची तार सोडवून त्याच्याच सॉकेटातून कॉम्पोझिट संकेत बाहेर काढणे, एवढ्यालाच ‘फेरबदल’ म्हणायचे ठरवल्यास तो बहुधा नंतरच्या, संग्राहकांच्या काळात रूढ झाला असावा. आज प्रचलित असलेल्या कृतीला दुसरी व्याख्या अधिक जुळते.

मॉड्युलेटरमध्ये बाहेरून दोन तारा शिरतात. एक ५ व्होल्ट पुरवठ्याची, दुसरी व्हिडिओची. दोन्ही सोडवून, डबीच्या आत सॉकेटच्या मध्यटोकाला आलेला रोधक (रेझिस्टर) सुटा करतात आणि व्हिडिओची तार त्या टोकाला डाख देऊन जोडतात. पुरवठ्याची सुटी तार नीट झाकून ठेवणे आवश्यक असते. मॉड्युलेटर काढून टाकला नाही, तर यंत्र केव्हाही मूळ स्थितीत आणता येते, आणि जतनाच्या दृष्टीने हाच मार्ग श्रेयस्कर आहे.

व्हिडिओच्या मार्गात धारित्र (कपॅसिटर) घालावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. बऱ्याच टीव्हींच्या प्रवेशाशी स्वतःचे धारित्र असल्याने थेट जोडणीही चालते. परंतु मंडलातून येणारा एकदिश (डीसी) विद्युत् दाब सर्वच टीव्ही सारख्या रीतीने हाताळतील याची खात्री देता येत नाही, म्हणून १०० मायक्रोफॅराडचे विद्युत्-अपघटनी धारित्र, धन टोक संगणकाकडे ठेवून, घालणे अधिक सुरक्षित ठरते. मूल्य एवढे मोठे असण्याला कारण आहे. ७५ ओहम भाराशी १०० मायक्रोफॅराडची खालची कंप्रता-मर्यादा सुमारे २१ हर्ट्झ येते, तर चित्र सेकंदाला सुमारे ५० वेळा नव्याने रेखले जाते. १० मायक्रोफॅराड घातल्यास ही मर्यादा २०० हर्ट्झच्या वर जाते आणि पडद्याच्या माथ्यापासून तळापर्यंत उजळपणा बदलत गेलेला दिसू शकतो.

या बदलाने सर्व दोष जात नाहीत. चित्रबिंदूंची ७ मेगाहर्ट्झ कंप्रता १४ मेगाहर्ट्झच्या स्फटिकापासून मिळते, तर वर्णवाहकाचा ४.४३ मेगाहर्ट्झचा स्फटिक वेगळा असतो. दोहोंचा मेळ नसल्याने उभ्या रंगीत कडांवर ठिपके सरकताना दिसतात आणि कॉम्पोझिट जोडणीतही ते कायम राहतात. शिवाय हे यंत्र ३१२ रेषांचे अगुंफित (नॉन-इंटरलेस्ड) चित्र देते, जे काही सपाट पडदे स्वीकारत नाहीत. रंग मुळीच येत नसतील, तर आधी १२ व्होल्टचा अंतर्गत पुरवठा तपासावा, कारण तो कोसळल्यास एलएम १८८९ काम करत नाही आणि हा फेरबदल त्यावर उपाय नव्हे.

भारतात डेसिबेल्स या कंपनीने १९८६ च्या सुमारास ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने परवान्याखाली हे यंत्र आणले होते. स्पेक्ट्रम १२८ या नंतरच्या प्रतिमानात आरजीबी (लाल, हिरवा, निळा हे रंग वेगवेगळ्या तारांतून देणारी) जोडणी दिलेली असून तिच्याच एका टोकावर कॉम्पोझिट संकेतही मिळतो. त्यामुळे तेथे मॉड्युलेटरला हात लावण्याची गरज सहसा पडत नाही.