राक्षसांनी नाही, सब्बलीनं

‘जुनं दगडी देऊळ राक्षसांनी एका रात्रीत बांधलं, एवढाले धोंडे माणसाला हलणारच नाहीत,’ असं आपल्या वऱ्हाडात गावोगावी सांगतात. लोणारचं दैत्यसूदन मंदिर पाहिलं की तसं वाटणं साहजिकच.

पण दगड अख्खा उचलावा लागतच नाही. १००० किलोच्या चिऱ्याची एक कड उचलायला निम्मा, म्हणजे ५०० किलोचा जोर पुरतो. ६ फुटी सब्बलीला, म्हणजे लोखंडी पहारीला, दगडाखालच्या टोकापासून अर्ध्या फुटावर टेकू दिला की जोर ११ पट होतो. राहिले साधारण ४५ किलो. एक माणूस दांड्यावर रेलला तरी झालं! कड उचलली की खाली चिपा सारायच्या, मग दुसरी बाजू. खाली गोल बल्ल्या घातल्या की धोंडा सरकतो.

धुऱ्यावरच्या धोंड्यावर करून पाहा. टेकू मागं-पुढं केला की फरक हातालाच कळतो. चिपा मात्र काठीनं सारा, बोटं खाली नकोत.