दातांतील प्राचीन डीएनए आणि कोकणातील जुने रोग

पूर्वी मरण पावलेल्या माणसांच्या दातांत टिकून राहिलेल्या डीएनएवरून त्यांना कोणते रोग झाले होते, हे शोधण्याची पद्धत. कोकण किनाऱ्यावर तिची गरज मोठी आहे आणि वाट बिकट.

दाताच्या पोकळीतल्या मऊ गरात रक्तवाहिन्या असतात. जंतू रक्तात भिनलेला असताना माणूस गेला, तर तो जंतू तिथेच अडकतो. गर सुकतो; पण एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असल्याने आतल्या भिंतीला चिकटलेला अंश शतकानुशतके झाकलेला राहतो. प्रयोगशाळेत दाढ बाहेरून स्वच्छ करून, वरचा भाग आणि मूळ जिथे जुळतात तिथे ती आडवी कापतात व पोकळीतून चिमूटभर भुकटी खरवडतात. त्यातला डीएनए बारीक तुकड्यांचा असतो. तुकड्यांच्या टोकांशी काळाने केलेली ठरावीक मोडतोड दिसली, तरच तो जुना धरतात. एरवी तो उकरणाऱ्याच्या हातावरचाही असू शकतो.

फ्रान्समधील सोळाव्या व अठराव्या शतकांतल्या दफनांच्या दातांत प्लेगचा जंतू मिळाल्याचे १९९८ मध्ये जाहीर झाले, आणि तो डीएनए खरोखर जुना की नंतर मिसळलेला, यावर वाद पेटला. २०११ साली लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड दफनभूमीतील, १३४८-५० च्या साथीत गेलेल्यांच्या अवशेषांतून या जंतूचा जवळजवळ पूर्ण जनुकसंच जुळवला गेला.

कोकणात पटकी (कॉलरा), देवी, रक्तपिती (कुष्ठरोग), हिवताप ही नावे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. पण दात सगळ्यांबद्दल सारखा बोलत नाही. पटकीचा जंतू आतड्यात राहतो, रक्तात सहसा उतरत नाही, म्हणून पटकीने गाव उठल्याची आठवण दातावरून पडताळता येणार नाही. (या जंतूचा जुना जनुकसंच मिळाला तो फिलाडेल्फियात १८४९ च्या साथीतल्या रुग्णाच्या जतन केलेल्या आतड्यातून.) देवीचा विषाणू डीएनएचा असल्याने तो सापडू शकतो; उत्तर युरोपातील व्हायकिंग काळाच्या अवशेषांत तो २०२० मध्ये ओळखला गेला. रक्तपितीच्या जंतूचे आवरण जाड व मेणचट असते, त्यामुळे त्याचा डीएनए विशेष चांगला टिकतो. माझ्या मते कोकणात पहिली आशा इथेच धरावी.

अडचण हवेची आणि मातीची आहे. उष्मा, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि जांभ्याची आम्लधर्मी लाल माती, जिच्यात हाडे विरघळत जातात. शिंपल्यांचा चुरा मिसळलेल्या पुळणीत आम्लता कमी असते, तिथे हाडे जरा तग धरतात. शिवाय बहुसंख्य हिंदूंत दहनाची रीत. चितेच्या आगीपुढे डीएनए उरत नाही. राहतात ती दफने: वसई-रेवदंड्याची पोर्तुगीज काळातील चर्चे, मुसलमानांची कबरस्ताने, अलिबागजवळ नवगावची बेने इस्राएलांची जुनी दफनभूमी. ही स्थळे त्या-त्या समाजाची श्रद्धास्थाने आहेत. त्यांच्या संमतीवाचून एक दातही उचलणे गैर आहे.

तरी किनाऱ्यावर डीएनए टिकतच नाही, असे म्हणता येत नाही. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिन चर्चच्या अवशेषांत मिळालेल्या हाडातून हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू-जीवशास्त्राच्या संस्थेतील संशोधकांनी आईकडून येणारा डीएनए काढला. तो यू१बी या गटाचा होता. भारतात न आढळलेला हा गट जॉर्जियात आढळतो, म्हणून ते हाड १६२४ मध्ये इराणमधील शिराझ येथे मारल्या गेलेल्या आणि जिचे अवशेष ऑगस्टिनी धर्मगुरूंनी गोव्यात आणले त्या जॉर्जियाच्या राणी केटेवान यांचे असावे, असा निष्कर्ष निघाला. ते हाड होते, दात नव्हे, आणि शोध ओळखीचा होता, रोगाचा नव्हे. पण जांभ्याच्या मुलखातून डीएनए हाती आला, ही गोष्ट मोलाची.

जंतू न मिळाल्याचा निकाल मात्र जपून वाचावा लागतो. जंतू मिळाला तर रोग होता. मिळाला नाही, तर एवढेच की त्या दातात तो उरला नाही. म्हणून उत्खननात लाल माती चिकटलेली दाढ निघाली की ती नळाखाली धरत नाहीत, उन्हातही वाळवत नाहीत. हातमोजे घालून, मातीसकट कागदी पाकिटात घालून थंड जागी ठेवतात. कोकणात पाया किंवा विहीर खणताना निघणारे दात मात्र बहुधा धुऊन पुसूनच तज्ज्ञांपर्यंत पोचतात.